जो पेपर कधी लिहिलाच गेला नाही, त्याचा संदर्भ चारशे जणांनी दिला : रेफरन्स लिस्टमध्ये एवढं असतं तरी काय?

व्हॅन डर गीर, हॅनराड्स आणि लप्टन. पेपरचं नाव ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’. जर्नल ऑफ सायंटिफिक कम्युनिकेशन्स, साल २०००, खंड १६३, पानं ५१ ते ५९.

वेब ऑफ सायन्स या डेटाबेसमध्ये शोध घेतला तेव्हा जवळपास ४०० शोधनिबंधांनी या पेपरचा संदर्भ दिलेला सापडला. एखाद्या प्राध्यापकाच्या पेपरला आयुष्यभरात ४०० संदर्भ मिळाले, तर कॉलेज गेटवर त्याचा फ्लेक्स लावेल.

पण हा पेपर अस्तित्वातच नाही. असं जर्नलही नाही. एल्सेविअर या प्रकाशन कंपनीने लेखकांसाठी जी नमुना फाइल दिली होती, त्यात ‘संदर्भ असा लिहा’ हे दाखवायला हा काल्पनिक पेपर टाकला होता. लोकांनी ती फाइल उघडली, त्यात आपला मजकूर भरला आणि नमुन्याची ओळ पुसायची राहून गेली. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रूननबर्ग यांना हे खटकलं आणि २०१७ मध्ये संशोधक अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. यातले बहुतेक पेपर कॉन्फरन्समधले होते. लेखकांच्या नजरेतून ती ओळ सुटली, तपासणाऱ्यांच्या सुटली आणि संपादकांच्याही.

हसू येतं खरं. पण पेपरच्या शेवटी येणारी ती बारीक अक्षरातली यादी कुणीच वाचत नाही, हेसुद्धा त्यातून कळतं. आणि ही यादी न वाचणं कधीकधी महागात पडतं.

ढाणकीतून पेपर लिहायचा म्हटलं तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या पट्ट्यात ढाणकी आहे. नगरपंचायतीचं गाव, आजूबाजूला कपाशी, सोयाबीन, हळद. विद्यापीठ अमरावतीला, संत गाडगे बाबांच्या नावाचं. समजा, इथला एखादा तरुण प्राध्यापक किंवा एमएस्सीची विद्यार्थिनी कीटकनाशक फवारणी आणि शेतमजुरांचं आरोग्य या विषयावर पेपर लिहायला बसली.

हा विषय पुस्तकातून उचललेला नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक लोक दगावले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

आता तिच्या पेपरमधलं पहिलंच वाक्य घ्या. ‘२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात इतके मृत्यू झाले.’ हा ‘इतके’ आला कुठून? त्या दिवसांतली वर्तमानपत्रं काढून बघितली, तर आकडा दर आठवड्याला बदलताना दिसतो, कारण मृत्यू होत होते. कुणी फक्त सरकारी दवाखान्यातले मोजले, कुणी जिल्ह्याचे, कुणी विदर्भाचे. म्हणजे आकड्याला त्याची तारीख आणि त्याचा मालक चिकटलेला नसेल, तर तो आकडा नुसती ऐकीव गोष्ट आहे. उद्या या पेपरवरून कुणी धोरण मांडलं, कुणी कोर्टात तो दाखवला, तर समोरचा वकील सगळ्यात आधी हेच विचारेल.

संदर्भ देणं म्हणजे थोडक्यात एवढंच : ‘हे मी म्हणत नाही, अमुक माणसाने अमुक ठिकाणी म्हटलंय, जाऊन बघा.’ आणि ‘जाऊन बघा’ म्हटल्यावर पत्ता बरोबर द्यावा लागतो.

दोन जागी लिहायचं, जोडी तुटू द्यायची नाही

संदर्भाचे दोन तुकडे असतात. एक मजकुरात, जिथे दावा केला तिथेच. दुसरा शेवटच्या यादीत. पहिला म्हणजे चिठ्ठी, दुसरा म्हणजे पूर्ण पत्ता. मजकुरातल्या प्रत्येक चिठ्ठीला यादीत पत्ता हवा आणि यादीतल्या प्रत्येक पत्त्याची चिठ्ठी मजकुरात हवी. पेपर परत येण्याचं एक नेहमीचं कारण हेच असतं : मजकुरात २७ नंबर आहे, यादी २५ वर संपते.

चिठ्ठी लिहिण्याच्या मुख्य पद्धती दोन.

पहिली, कंसात लेखकाचं आडनाव आणि साल. हिला हार्वर्ड पद्धत म्हणतात. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये एका पेपरमध्ये ती वापरली. पेपर कशावर होता, तर बिनकवचाच्या गोगलगायीची अंडी कशी वाढतात यावर. जगभरातले पीएचडीवाले ज्या कंसांनी हैराण आहेत, त्यांची सुरुवात एका गोगलगायीपासून झाली.

दुसरी पद्धत आकड्यांची. मजकुरात १, २, ३ आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नल्सचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एकत्र बसले. प्रत्येक जर्नलची संदर्भाची तऱ्हा वेगळी आणि लेखक मात्र तोच. एका ठिकाणी पेपर नाकारला की दुसरीकडे पाठवण्याआधी सगळी यादी टाइपरायटरवर नव्याने बडवायची. यावर तोडगा म्हणून त्यांनी समान नियम ठरवले. पुढे याच गटातून वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती तयार झाली. म्हणून त्या शैलीचं नाव व्हँकुव्हर.

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्रात एपीए शैली चालते, तिची सुरुवात १९२९ ची. इंजिनीअरिंगला आयट्रिपलई. वैद्यकशास्त्राला व्हँकुव्हर. समान नियमांसाठी एवढी धडपड झाली आणि आज झोटेरो या सॉफ्टवेअरच्या भांडारात संदर्भशैलींची संख्या १० हजारांच्या वर आहे! प्रत्येक जर्नलला आपला स्वल्पविराम वेगळ्या जागी हवा असतो. याला शास्त्रीय कारण शोधायला जाऊ नये. ते बहुतेक वेळा नसतंच.

एकच पेपर, चार वेष

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही, पण ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ जगभर शिकवला जातो. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो.

१९४९ मध्ये स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या जर्नलमध्ये त्यांची ‘अनदर सॉलिटेअर गेम’ ही टिपण आली. तिचा संदर्भ व्हँकुव्हर शैलीत असा होईल :

कापरेकर डीआर. अनदर सॉलिटेअर गेम. स्क्रिप्टा मॅथेमॅटिका. १९४९;१५:२४४-५.

एपीएमध्ये :

कापरेकर, डी. आर. (१९४९). अनदर सॉलिटेअर गेम. स्क्रिप्टा मॅथेमॅटिका, १५, २४४–२४५.

आयट्रिपलईमध्ये नाव सुलट, आडनाव शेवटी :

[१] डी. आर. कापरेकर, “अनदर सॉलिटेअर गेम,” स्क्रिप्टा मॅथेमॅटिका, खंड १५, पा. २४४–२४५, १९४९.

आणि बंगळुरूहून १९३२ पासून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’च्या धाटणीत साल खंडाच्या आधी येतं :

१. कापरेकर, डी. आर., अनदर सॉलिटेअर गेम. स्क्रिप्टा मॅथ., १९४९, १५, २४४–२४५.

चारही ठिकाणी माहिती तीच : कोण, काय, कुठे, कधी, कितवं पान. बदलतो फक्त क्रम आणि विरामचिन्हं. म्हणजे या सहा-सात गोष्टी एकदा नीट टिपून ठेवल्या की शैली बदलणं हे कपडे बदलण्याइतकंच काम आहे. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा मुळात टिपतानाच पान किंवा खंड राहून गेलेला असतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तो शोधावा लागतो.

जर्नलचं नाव ‘स्क्रिप्टा मॅथ.’ असं तोडलंय, तेही मनाने नाही. कुठला शब्द कसा तोडायचा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४. एकाच शब्दाचं नाव असेल, जसं ‘नेचर’ किंवा ‘सायन्स’, तर ते तोडत नाहीत. एखाद्या जर्नलचं छोटं रूप पबमेडवर शोधलं की मिळतं. तिथे नसेल तर पूर्ण नाव लिहावं. आपल्या मनाने केलेल्या छोट्या रूपाचा पुढे कुणालाच पत्ता लागत नाही.

कापरेकरांच्या पत्त्याचा घोळ

हेच उदाहरण घेण्याचं आणखी एक कारण आहे. कापरेकरांचा ६१७४ बद्दलचा दुसरा पेपर आहे, ‘अ‍ॅन इंटरेस्टिंग प्रॉपर्टी ऑफ द नंबर ६१७४’. साल १९५५, जर्नल तेच. याचा संदर्भ जगात दोन रूपांत फिरतो. काही ठिकाणी ‘खंड २१, पान ३०४’ असं लिहिलंय. काही ठिकाणी, आणि त्यात नावाजलेली गणिती संकेतस्थळंही आली, ‘खंड १५, पानं २४४–२४५, १९५५’ असं.

वर दिलेला १९४९ चा संदर्भ पुन्हा बघा. खंड १५, पानं २४४–२४५ हा पत्ता ‘सॉलिटेअर गेम’चा आहे. १५ वा खंड १९४९ चा, तो १९५५ चा कसा असेल? बहुधा कुणीतरी एका पेपरचं नाव आणि दुसऱ्याचा पत्ता एकत्र केला, आणि त्यानंतरच्या लोकांनी स्क्रिप्टा मॅथेमॅटिकाचा अंक न उघडता ती ओळ तशीच उतरवली. ज्या मास्तरांच्या कामाची त्यांच्या हयातीत इथे फारशी दखल घेतली गेली नाही, त्यांच्या नावावर निदान पत्ता तरी नीट लागायला हवा होता.

अशा उतरवलेल्या चुकांवर चक्क संशोधन झालंय. मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एक पेपर लिहिला. त्यांनी भौतिकशास्त्रातला एक गाजलेला पेपर घेतला, कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांचा. त्याला ४,३०० संदर्भ मिळाले होते. त्यातल्या १९६ संदर्भांत छपाईची चूक होती. पण वेगवेगळ्या चुका किती, तर फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ वेळा सापडली. ७८ जणांनी स्वतंत्रपणे तोच आकडा चुकवणं शक्य नाही. हे म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघून लिहिताना त्याची चूकसुद्धा उतरवण्यासारखं. यावरून गणित मांडून त्यांनी अंदाज केला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच लोक मूळ पेपर वाचत असावेत.

पान क्रमांक चुकला तर फार बिघडत नाही म्हणा. मजकूर चुकला तर काय होतं, याचं उदाहरण वाईट आहे. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. दवाखान्यात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागलं, असं त्यात होतं. पुढे हे पत्र ‘या औषधांनी व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून वापरलं गेलं. दवाखान्यातल्या रुग्णांबद्दलची गोष्ट घरी नेऊन महिनोन् महिने गोळ्या खाणाऱ्यांना लावली गेली. २०१७ मध्ये मोजदाद झाली तेव्हा या पत्राला ६०८ संदर्भ मिळालेले होते आणि ७२ टक्के लोकांनी ते याच अर्थाने वापरलं होतं. अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने पुढे किती माणसं गेली, हे जगाने पाहिलं. त्या ६०८ पैकी बऱ्याच जणांनी पाच वाक्यंही वाचली नसावीत.

आपल्या नावांचं काय करायचं?

संदर्भाचे नियम बनवणाऱ्यांनी मराठी नावं डोळ्यासमोर ठेवलेली नव्हती. महाराष्ट्रातल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. त्याच क्रमाने कुणी जर्नलच्या फॉर्ममध्ये नाव भरलं की संगणक शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो. कापरेकरांनी आज ‘कापरेकर दत्तात्रय रामचंद्र’ असं भरलं असतं, तर डेटाबेसमध्ये ते ‘रामचंद्र के. डी.’ म्हणून गेले असते. अशी उलटी नावं भारतीय पेपरांमध्ये भरपूर सापडतात. संदर्भ देताना शंका आली तर त्या लेखकाचे दुसरे पेपर बघावेत, नाहीतर आपण एखाद्याच्या वडिलांना संदर्भ देऊन मोकळे होतो.

इंग्रजी स्पेलिंग हा दुसरा त्रास. गावंडे लिहिताना मधल्या ‘वं’साठी कुणी ‘व्ही’ वापरतं, कुणी ‘डब्ल्यू’. खुद्द यवतमाळचं स्पेलिंग इंग्रजांच्या काळातल्या कागदपत्रांत ‘येओटमल’ असं वाचता येईल असं आहे. जुनं गॅझेटिअर किंवा जनगणनेचा जुना खंड संदर्भात घेताना मूळ मुखपृष्ठावर जे स्पेलिंग आहे तेच ठेवायचं. आपण ते ‘सुधारलं’ तर शोधणाऱ्याला सापडणार नाही.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं अर्धं काम एका नावावर आणि अर्धं दुसऱ्या नावावर राहतं. यासाठी २०१२ पासून ओआरसीआयडी, म्हणजे ऑर्किड, नावाची १६ अंकी ओळख मिळते. ती मोफत आहे आणि पाच मिनिटांत निघते. पहिला पेपर पाठवण्याआधीच काढून ठेवावी आणि नाव एकदा जसं लिहिलं तसंच कायम लिहावं.

लेखक खूप असतील तर किती नावं लिहायची? व्हँकुव्हरमध्ये सहसा पहिली सहा आणि पुढे ‘आणि इतर’ या अर्थाचं ‘एट अल’. एपीएच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत यादीत २० पर्यंत नावं लिहितात, मजकुरात मात्र तीन किंवा जास्त लेखक असले की पहिलं आडनाव आणि ‘एट अल’.

जीआर, वर्तमानपत्र आणि शेतातलं बोलणं

ढाणकीच्या त्या पेपरकडे परत येऊ. परदेशी जर्नलमधले पेपर उद्धृत करणं सोपं असतं, कारण त्यांचा पत्ता तयार मिळतो. खरी पंचाईत स्थानिक साधनांची. आणि असा पेपर उभा राहतो तो स्थानिक साधनांवरच.

शासन निर्णय घ्या. अनेक जण यादीत नुसतं ‘महाराष्ट्र शासन जीआर, २०१७’ असं लिहितात. एका वर्षात जीआर हजारोंनी निघतात! विभागाचं नाव, विषय, शासन निर्णय क्रमांक आणि तारीख हे चारही हवेत. प्रत्येक जीआरवर सांकेतांकही छापलेला असतो, तोही लिहिला तर संकेतस्थळावर थेट सापडतो. कायद्याचं तसंच : ‘कीटकनाशक अधिनियम, १९६८’ आणि कलम कितवं ते.

वर्तमानपत्राच्या बातमीला बातमीदाराचं नाव असेल तर ते, नसेल तर मथळ्यापासून सुरुवात, मग वर्तमानपत्र, आवृत्ती, तारीख, पान. आवृत्ती लिहायला विसरू नये. एकाच दैनिकाच्या यवतमाळ, अकोला आणि मुंबई आवृत्तीत पान एकसारखं नसतं. ऑनलाइन बातमी असेल तर लिंक आणि आपण ती कधी पाहिली ती तारीख. बातम्या बदलतात, कधी गायबही होतात, म्हणून पीडीएफ करून ठेवणं शहाणपणाचं.

मराठी पुस्तकाचा संदर्भ इंग्रजी पेपरमध्ये देताना नाव रोमन लिपीत उतरवून पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ देतात, आणि भाषा मराठी आहे हे नोंदवतात. नुसतं भाषांतर दिलं तर कुठल्याच ग्रंथालयात ते पुस्तक सापडत नाही, कारण त्या नावाचं पुस्तकच नसतं.

आणि शेतकऱ्याने बांधावर सांगितलेली गोष्ट? ती संदर्भयादीत येत नाही. मुलाखती हा जर अभ्यासाचा भाग असेल, तर किती लोकांशी, कधी, कोणत्या प्रश्नावलीने बोललो आणि त्यांची संमती कशी घेतली हे ‘पद्धती’ विभागात जातं, नैतिकता समितीच्या परवानगीच्या उल्लेखासह. एखाद्या तज्ज्ञाने फोनवर किंवा ईमेलवर काही सांगितलं, तर ते ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून तारखेसह मजकुरातच कंसात लिहितात. वैद्यकीय जर्नल्स त्यासाठी त्या व्यक्तीची लेखी परवानगीही मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ हा स्रोत नाही. ती पीडीएफ कुठून आली, तो स्रोत.

एक प्रश्न नेहमी येतो : ‘अ’ च्या पेपरमध्ये ‘ब’ चा आकडा दिसला, ‘ब’ चा पेपर मिळत नाही, मग? मिळत नसेल तर प्रामाणिकपणे ‘ब, अ मध्ये उद्धृत’ असं लिहावं आणि यादीत ‘अ’ टाकावा. थेट ‘ब’ चं नाव लिहिणं म्हणजे न वाचलेलं वाचल्याचं सांगणं. पण त्याआधी शोध तरी पूर्ण करावा. भारतातले पीएचडी प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर मोफत वाचता येतात. पेपर बंद जर्नलमध्ये असेल तर लेखकाला ईमेल करावा, बरेच जण आनंदाने पाठवतात.

हाताने नंबर टाकू नका

लहान गावांत प्रबंध अजूनही अनेकदा झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात टाइप होतो. दुकानदार बिचारा दिलेलं तसंच उतरवतो. यादी हाताने नंबर टाकून केलेली असते. मग गाइड म्हणतात, ‘तिसऱ्या परिच्छेदात अजून एक संदर्भ घाला.’ तिसऱ्या जागी नवा संदर्भ आला की पुढचे ४० नंबर बदलतात, मजकुरातले वेगळे आणि यादीतले वेगळे. जोडी तुटते ती इथे.

यावर उपाय म्हणजे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. झोटेरो २००६ पासून आहे आणि पूर्ण मोफत. मेंडेलेही मोफत मिळतं, ते २०१३ पासून एल्सेविअरच्या मालकीचं आहे. एंडनोटला पैसे पडतात. विद्यार्थ्याने झोटेरो घ्यावं, एवढ्यात विषय संपतो. ब्राउझरमध्ये पेपर उघडला की एका क्लिकवर माहिती जमा होते, वर्डमध्ये हव्या त्या जागी संदर्भ टाकता येतो, नंबर आपोआप सरकतात आणि शैली बदलायची तर यादीतून नाव निवडायचं. २०१९ पासून त्यात आणखी एक सोय आहे : तुम्ही जमा केलेला पेपर नंतर मागे घेतला गेला असेल, तर झोटेरो तसा इशारा देतं.

पण सॉफ्टवेअर आंधळं असतं. वेबसाइटवर शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये असेल तर तसंच उचलतं, पान क्रमांक नसेल तर जागा रिकामी ठेवतं. ‘महाराष्ट्र शासन, कृषी विभाग’ हे नाव दोन खान्यांत भरलं तर सरकारचंही नाव-आडनाव करून टाकतं. तिथे एकच खाना निवडायची सोय आहे, ती वापरायची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं मराठी तर झोटेरोत आणि जर्नलच्या पोर्टलवर निव्वळ चिन्हांचा कचरा होऊन दिसतं. मराठी संदर्भ युनिकोडमध्येच हवेत.

संदर्भ खरा आहे का, हे तपासायची सगळ्यात जलद पद्धत म्हणजे डीओआय. ‘१०.’ ने सुरू होणारा हा क्रमांक पेपरचा कायमचा पत्ता असतो. वेबसाइट बदलली तरी डीओआय.ऑर्गवर तो टाकला की पेपर उघडतो. यादीतल्या प्रत्येक डीओआयवर एकदा क्लिक करून बघायला तासभर लागतो. डीओआय नसेल तर क्रॉसरेफच्या मोफत शोधात शीर्षक टाकून बघावं.

हा तास आता जास्तच गरजेचा झालाय, कारण चॅटजीपीटीसारखी साधनं मागितले तितके संदर्भ देतात, दिसायला अगदी अस्सल. लेखक खरा, जर्नल खरं, पेपर मात्र नसतोच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच यंत्राने रचलेले निकाल सादर केले आणि त्यांना ५ हजार डॉलर दंड झाला. यंत्राकडून शैली बदलून घ्यायला हरकत नाही. स्रोत मात्र यंत्राकडून घेऊ नये.

परत येण्याआधी

थोडं दिलासा देणारंही आहे. एल्सेविअरची अनेक जर्नल्स पहिल्यांदा पेपर पाठवताना कुठलीही शैली चालवून घेतात, फक्त ती सगळीकडे सारखी असावी आणि माहिती पूर्ण असावी. आपल्या जर्नलचं ‘लेखकांसाठी सूचना’ हे पान आधी वाचलं तर दोन रात्री वाचतात. ते पान वाचूनही शंका राहिली तर त्याच जर्नलचा गेल्या दोन महिन्यांतला एखादा पेपर उघडावा आणि त्याच्या यादीसमोर आपली यादी ठेवावी. सूचनांच्या पानापेक्षा छापलेला पेपर जास्त खरं बोलतो.

चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची भीतीही अनेकांना असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर थांबावं लागतं आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण संदर्भयादी आणि योग्य श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर या मोजणीतून वगळायचा असतो. यादीला नेहमीचं शीर्षक दिलं नाही, किंवा ती तुकड्यातुकड्यांत प्रत्येक पानाखाली पसरली, तर सॉफ्टवेअरला ती ओळखू येत नाही आणि टक्का उगाच फुगतो. श्रेय न देता शब्द बदलून घेतलेला परिच्छेद मात्र सॉफ्टवेअरला सापडला नाही तरी चोरीच असतो.

कुठल्या जर्नलला संदर्भ द्यावा, हाही प्रश्न आहे. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापा, अशी जर्नल्स भारतात उदंड आहेत. चांगल्या जर्नल्सची यूजीसी-केअर यादी असायची, ती २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि संशोधकांवर टाकली. तेव्हा फवारणीच्या विषबाधेवरचा एखादा पेपर हाताशी आला की आधी त्याची संदर्भयादी वाचावी. त्यातले दोन-तीन दुवे उघडून बघावेत. २०१७ चा आकडा त्यांनी कुठून घेतलाय, तिथपर्यंत जावं. तो दुवा उघडला आणि तिथे खरंच तो आकडा असला, तर मग ढाणकीतल्या पेपरमध्ये तो घ्यायला हरकत नाही, तारखेसकट.